वाळूतून डांबर सोडवताना

आई, तुझी आठवण आली म्हणून लिहीत नाहीये, खोटं कशाला बोलू. एक गोष्ट सांगायची आहे. रविवारची दुपार आहे, सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात जेवून बसलेय. बोंबील मामांनी दिले. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने टेक्निशियन, वरळी कोळीवाड्याचे, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. या आठवड्यात त्यांची नोकरी माझ्यामुळे जाणार होती. शुक्रवारी ती वाचली, तीही माझ्यामुळेच, आणि सगळ्यांनी माझं तोंड भरून कौतुक केलं. तेव्हापासून मला काही वाटत नाहीये. रडू येत नाही, हलकंही वाटत नाही. दात काढल्यावर गाल बधिर असतो ना, चावलं तरी कळत नाही, तसं झालंय. भूक मात्र लागते. दोनदा भात घेतला.

मी काय काम करते ते तुला कधी कळलंच नसतं. कॉलेजात होते तेव्हापासूनच तू चाळभर सांगत सुटायचीस, 'चेडू माझा औषधा बनवतला.' औषधं नाही गं. कॅनडात एका ठिकाणी जमिनीखाली वाळू आहे आणि तिच्या कणाकणाला डांबर चिकटलेलं आहे. ते डांबर काढून त्याचं तेल करतात. वाळू गरम पाण्यात घालून घुसळायची, मग डांबर वाळूला सोडतं, हवेच्या बुडबुड्यांना धरून वर येतं आणि फेसासारखं काढून घेता येतं. नुसत्या गरम पाण्याने सगळं सुटत नाही, बरंच वाळूतच राहतं. म्हणून त्यात किंचित रसायन घालतात. ते रसायन मी बनवते. साबणाचाच चुलतभाऊ समज. म्हणजे शेवटी मी तुझंच काम करते बघ, फक्त आमच्याकडे डाग ठेवून घेतात आणि कापड टाकून देतात.

शाळा सुटली की मी थेट तुझ्या धुलाईघरात यायचे, परळच्या त्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला. तिथे वाफ, सोड्याचा वास, चादरींचे डोंगर. तू उभी आहेस, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले, आणि समोर दोन नळ. एक पालिकेचा, एक बोअरचा. कुठल्या दिवशी कुठलं पाणी येईल याचा नेम नाही. साबणाला हात लावण्याआधी तू ओंजळभर पाणी घेऊन चिमूटभर साबण त्यात चोळतेस. फेस आला तर पुढे. नाही आला, पांढऱ्या कण्या झाल्या, तर म्हणतेस, 'बोअरचा हा गो, आज सोडो वाढव.' एकदा नव्या मुकादमाने न बघता साबण ओतला आणि डॉक्टरांचे सगळे कोट राखाडी निघाले. तू त्याला म्हणालीस, 'सायबानू, साबण फाटलो.' तो खेकसला, 'मला शिकवू नको.' तू ते सगळे कोट पुन्हा धुतलेस. मी गाठोड्यावर बसून गृहपाठ करत होते. तुझा मला फार राग आला होता, तू काहीच बोलली नाहीस म्हणून.

मला मात्र बोलायला तुला काही कमी पडायचं नाही. मी बारा वर्षांची असेन, चाळीत पाणी नव्हतं, मी शहाणपणा करून विहिरीच्या पाण्यात युनिफॉर्म धुतला. तो कडक आणि चिकट झाला, निळ्यावर पांढरट थर. मोरीत उभं करून तू मला झापलंस, 'डोळे आसत काय बटाणे? पाणी खंयचा ता बघूक काय झाला तुका?' शेजारच्या काकी दारात येऊन बघायला लागल्या तरी तू थांबली नाहीस. माझी बोटं लाल होईपर्यंत तो युनिफॉर्म माझ्याकडून चार वेळा खळबळून घेतलास.

मी बीएस्सी झाले तेव्हा तू लालबागच्या शिंप्याकडून पांढरा कोट शिवून आणलास. बाह्या बोटांच्या खाली जात होत्या. 'मगे अंगात भरतलंस,' म्हणालीस. आई, मी एकवीस वर्षांची होते, आणखी काय भरणार होते? मला लाज वाटली. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांचे कोट तयार विकत घेतलेले. मी बाह्या तीनदा दुमडून तो घातला, पण घरी येऊन तुला एक शब्द बोलले नाही. नोकरी लागली तेव्हा तू नव्हतीस.

आता या वर्षीचं सांगते. तिथून वाळूची दोन पिंपं आली आणि आमचं नवं रसायन मी त्यावर चालवून बघितलं. डांबर असं सुटलं की वाळू चौपाटीवर नेऊन टाकावी इतकी स्वच्छ. डांबर सुटण्याचा इतका चांगला आकडा माझ्या हातून कधी निघाला नव्हता. साहेबांनी पेढे वाटले. फक्त मी सगळ्या चाचण्या केल्या त्या प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात. तिथे कॅनडात तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरतात, त्यात क्षार आणि चुना साठत जातो, म्हणजे बोअरच्या पाण्याचा थोरला भाऊ. तिथे रसायन घातलं आणि ते फाटलं. फेसाच्या जागी दह्यासारख्या कवड्या, डांबर वाळूतच. त्या लोकांनी कॉलवर आम्हाला सोलून काढलं. तुला वाटेल, बारा वर्षांच्या पोरीची चूक हिने पन्नाशीत केली. ऑफिसातही सगळ्यांना तसंच वाटतं.

साहेबांनी चाचण्यांचे कागद काढले. पाण्याच्या रकान्यात 'लॅबचं' असं लिहिलेलं, अक्षर मामांचं. खाली सही माझी होती, पण सहीकडे कोण बघतो? 'म्हातारा झोपा काढतो,' साहेब म्हणाले, आणि बुधवारी मामांच्या हातात कागद ठेवला, निष्काळजीपणाबद्दल कामावरून कमी का करू नये म्हणून. तीस वर्षं त्या माणसाच्या हातून एक बाटली फुटलेली नाही. त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि काचेची भांडी धुवायला गेले. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

शुक्रवारी सगळ्यांना बसवलं. साहेबांनी मामांना विचारलं, 'पाणी कुठलं घ्यायचं ते तुम्ही मॅडमना विचारलं होतं का?' मामा टेबलाकडे बघत म्हणाले, 'आठवत नाय, साहेब.' मी उठले. म्हटलं, 'चूक माझी आहे. तिथलं पाणी मागवायचं माझ्या लक्षातच आलं नाही. मी विसरले. मामांचा काही संबंध नाही.' मग साहेब म्हणाले, 'याला म्हणतात मोठेपणा. शिका जरा.' कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. मामांचा कागद तिथल्या तिथे परत घेतला. मला शिक्षा काही नाही. माणूस विसरतोच, साहेब म्हणाले.

संध्याकाळी निघताना मामा माझ्या टेबलाशी आले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले बोंबील घेऊन. चारचौघांत मला मॅडम म्हणतात, एकटं असलं की बाय. 'बाय, घरी ने. घरचे सुकवलेले हायेत.' मी म्हटलं, 'मामा, तुम्ही...' तर म्हणाले, 'जाव दे गो. नीट जेव.' आणि डबा उचलून गेले. माझ्याकडे नेहमीसारखंच बघितलं त्यांनी, तेच मला झेपलं नाही.

कारण मामा विसरणाऱ्यातले नाहीत. गेल्या दिवाळीत कुठल्या बाटलीत काय होतं ते विचार, सांगतील. त्यांनी मला विचारलं होतं, आई. पहिल्याच आठवड्यात, भट्टीजवळ उभं राहून, 'बाय, तिथलं पाणी मागवू का? नायतर आपणच चुना घालून तसं करू.' सोपं काम होतं, अर्ध्या तासाचं. मला नीट कळलं होतं ते का विचारताहेत. सगळ्या प्रयोगशाळेत मला जितकं कळलं तितकं कोणालाच कळलं नसतं. मी म्हटलं, 'नको, आकडा पडेल. लॅबचंच लिहा.' मामांनी तसंच लिहिलं.

हे साहेबांना सांगायला हवं. सांगेन असं वाटत नाही. तुला लिहिलं कारण तू मला मोरीत उभं करायला येणार नाहीस. बधिर आहे म्हटलं ना, तेही तितकंसं खरं नाही. टाळ्या वाजत होत्या, मामा खाली मान घालून त्यांच्यात टाळ्या वाजवत होते, आणि मला ते आवडलं.