दोन जागांची होडी

१० जून

"आई, तू हरलीस तरी चालेल, फक्त मधेच सोडून जाऊ नकोस."

ओदेरो सात वर्षांचा असताना म्हणाला होता. चुलीवर ओमेना ठेवून मी त्याच्या शेजारी खेळायला बसले होते आणि मासळीचा वास आला तशी उठायला लागले होते. बसले परत. ओमेना करपली. तिघांनी तीच खाल्ली, मक्याच्या घट्ट उगालीबरोबर. त्याच्या बाबानं, ओविनोनं, ताट पुसून खाल्लं.

आज आठवायचं कारण, किबेच्या गेमच्या दुकानाबाहेर मोठं चित्र लागलंय. बापलेक जो गेम खेळायचे, तळ्याकाठचं गाव वसवायचा, त्याचा दुसरा भाग आलाय. विशेष आवृत्तीही आहे. पत्र्याचा डबा, कापडावर छापलेला नकाशा आणि आत एक कोड. तो भरला की जास्तीचं काहीतरी उतरतं: एक दूरचं बेट आणि तिथे जायला दोन जागांची होडी.

ओविनो त्याला म्हणाला होता, दुसरा भाग आला की घेऊ. आता ओविनो नाही. घेणं माझ्याकडे आलं.

ठरवलं. घ्यायचा. ओदेरोला सांगायचं नाही. ऑगस्टच्या सुट्टीत तो मोंबासाहून येईल, टेबलावर डबा दिसेल, आणि तो हसेल. मग राहील.

१३ जून

भिशीत या वेळी माझा नंबर लागला. शेजारची चेबेत सगळ्यांदेखत म्हणाली, "ओदेरोच्या आई, आता तरी पाण्याची टाकी घे बाई, तुझ्या बादल्या बघून आम्हीच दमलो." हो म्हटलं. टाकी पुढच्या वेळी. पाणी येतंच की, दिवसाआड का होईना.

१५ जून

ओदेरोला फोन. ऑगस्टला येशील ना, विचारलं. म्हणाला, बघू.

आमच्या घरात बघू म्हणजे हो. ओविनोही असंच म्हणायचा. (त्याचं बघू म्हणजे नाही असायचं, पण ते टाकीच्या बाबतीत.)

मग फोन माझ्या दिराने घेतला. ओगोला म्हणाला, वहिनी, पोरगा आता पुरुष झाला, आईच्या छपराखाली कसा झोपेल, गावी त्याची स्वतःची झोपडी उभी राहिली पाहिजे. मी म्हटलं, नाकुरूत दोन खोल्यांच्या घरात झोपडी कुठे उभी करू? तो म्हणाला, तेच तर म्हणतोय मी.

ओदेरो बापाच्या मयताच्या जेवणानंतर महिन्याभरासाठी म्हणून काकाकडे गेला. पुढे तिथलंच कॉलेज घेतलं. दमट हवा त्याला मानवते. बाकी काही कारण नाही.

१८ जून

उपाय सापडला. बाहेरच्या खोलीत मधोमध पडदा. दुकानात शाळेचे गणवेश शिवून निळं कापड उरलंय, तेच शिवते. पडद्याच्या अलीकडे माझं घर, पलीकडे त्याचं. ओगोलाला तोंडच उरणार नाही.

२२ जून

डबा आणला.

किबेनं दोन डबे पुढे ठेवले. कुठला देऊ, इकडचा की तिकडचा? मला फरक दिसेना. एकावर वयाचा आकडा छापलेला, दुसऱ्यावर नुसतं अक्षर. आकडा बरा, समजतो तरी. आकड्याचा घेतला. किबे म्हणाला, नक्की ना, घरी विचारून घ्या. मी म्हटलं, घरी मीच आहे.

येताना मातातू व्हॅनमध्ये डबा मांडीवर ठेवला होता. शेजारच्या बाईने विचारलं, बिस्किटं का? म्हटलं, हो.

२५ जून

संकल्प: ओदेरो येईपर्यंत खेळायला शिकायचं. शिवणाच्या दुकानातून आल्यावर रोज थोडा वेळ.

आज फक्त बापलेकांच्या गेमच्या कन्सोलवरची धूळ पुसली. अभ्रा काढला. अभ्रा मीच शिवला होता, गेल्या सप्टेंबरात, ओविनोला गावच्या मातीत पोचवून आल्यावर. पुसताना हात दुखला, त्यामुळे खेळणं उद्या.

३० जून

चालू केला. टीव्हीच्या पडद्यावर ओविनोचं नाव आलं. खातं त्याचंच आहे. टोपी घातलेला बोकड हे त्याचं चित्र. मी मोठ्यांदा म्हटलं, कसा आहेस? मग खिडकी लावून घेतली, चेबेतचे कान फार लांब.

डिस्क घातली. काहीतरी भलंमोठं उतरायला लागलं. अर्ध्यात विजेचे पैसे संपले, मीटर बंद. टपरीवर पैसे देऊन मीटरचा नवा आकडा आणून भरला. पुन्हा पहिल्यापासून.

४ जुलै

कोड भरला. "या खात्यासाठी कोड वैध नाही." पुन्हा भरला. मग चष्मा लावून भरला. नाही.

कंपनीचाच काहीतरी घोळ असणार. नवीन वस्तूत होतं तसं. दोन दिवसांत आपोआप सुधारेल.

९ जुलै

सुधारलं नाही. किबेकडे गेले.

त्यानं विचारलं, खातं कुठल्या देशाचं? मी म्हटलं, कुठलं म्हणजे? नाकुरूचं. तो हसला. वाईट नव्हता हसत. म्हणाला, आपला देश त्या यादीतच नाही, सगळे दुसऱ्या देशाचं नाव टाकतात.

तेव्हा आठवलं. ओविनोनं खातं काढलं तेव्हा ओदेरो त्याच्या मांडीवर होता. यादीत आपलं नाव सापडेना, तेव्हा ओविनोनं अमेरिका निवडली. गाव कुठलं, तर पोराने बोट ठेवलं ते. त्यानंतर कितीतरी दिवस दोघांचा तोच खेळ. वीज गेली की ओविनो अंधारातून ओरडायचा, अमेरिकेत लाईट गेली रे. आणि हा खिदळायचा.

किबे म्हणाला, तुमचा डबा ब्रिटनचा आहे. अमेरिकेचा, अक्षराचा घ्यायला हवा होता.

मी म्हटलं, पण खेळ तर चालतोय.

"मावशी, डिस्कला देश नसतो. कोडला असतो."

बदलून देशील का, विचारलं. कोड खरवडलेला, नाही देता येत. मग म्हणाला, तुमच्या मुलाला विचारायचं होतं, कुठल्याही पोराला हे माहीत असतं. मी म्हटलं, त्याला न सांगता द्यायचंय. तो जरा वेळ काउंटरच पुसत राहिला. मग म्हणाला, सोपं आहे, ब्रिटनचं नवीन खातं काढू, तुमच्या नावाने. आत्ता काढतो.

नको म्हटलं.

१० जुलै

का नको, ते इथे लिहून ठेवते. ओविनो अमेरिकेत आणि मी ब्रिटनमध्ये? एका घरातली माणसं. शोभतं का?

शिवाय ओदेरो आला की तोच काहीतरी मार्ग काढेल. त्याला बरंच वाटेल, आईचं आपल्यावाचून अडतं म्हणून. म्हणजे चूक झाली ती एका परीने चांगलीच झाली.

१४ जुलै

बेटाशिवाय खेळते आहे. गाव वसवलं. तीन झोपड्या, एक धक्का. शेळ्या तळ्यात पडतात. कुंपण घातलं, तर माणसं आत अडकली.

प्रगती आहे.

१७ जुलै

आजचा दिवस कोरून ठेवावा असा.

टीव्हीच्या पडद्यावर कडेला ओविनोच्या मित्रांची यादी दिसते. मित्र म्हणजे एकच. ओदेरो. त्यानं मोठेपणी काढलेलं त्याचं स्वतःचं खातं. आज त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे तो त्या क्षणी तिकडे मोंबासात बसलेला होता, आणि मी इकडे.

खेळले नाही. शर्टांचा गठ्ठा ओढला आणि त्याच्या ठिपक्याशेजारी बसून बटणं लावली. फोनवर तो इतका वेळ कधीच थांबत नाही.

थोड्या वेळाने ठिपका गेला. जेवायला उठला असेल.

२१ जुलै

आता रोज संध्याकाळी ठिपका बघायला बसते. शिवणही होतं. हल्ली मी कन्सोल चालू केला की ठिपका लगेच जातो. तिकडचं नेट खराब.

२४ जुलै

ठिपक्याखाली बारीक अक्षरं असतात, तिकडे लक्षच गेलं नव्हतं. चष्म्याने वाचलं. गेमचं नाव. आपलाच गेम, दुसरा भाग. आणि त्याखाली: दूरचं बेट.

म्हणजे त्याच्याकडे आहे. बेटासकट.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उलगडा झाला. तो आधी शिकून घेतोय. ऑगस्टमध्ये मला शिकवता यावं म्हणून. बापाचाच मुलगा. तोही गाडी चालवायला मला शिकवणार होता, म्हणून आधी स्वतः शिकला होता.

डबा टेबलावरच राहू देते. नकाशा तरी नवीन आहे.

२८ जुलै

आज फोन केला नाही. त्याची परीक्षा असेल.

३० जुलै

ठिपका नाही.

२ ऑगस्ट

ठिपका नाही. खोलीतल्या निळ्या पडद्याला कड्या लावल्या. छान सरकतो.

५ ऑगस्ट

ओगोलाच्या बायकोचा फोन आला. अपोंदी सहसा स्वतःहून करत नाही. मी इस्त्री करत होते. तिने आधी हवेचं विचारलं, मग चेबेतचं, मग म्हणाली, एक विचारू का, रागावू नकोस.

ओदेरो नीट जेवत नाही म्हणाली. संध्याकाळी गेम लावून बसतो, आणि मधेच चेहरा पांढराफटक होऊन सगळं बंद करतो. आता तर लावायचंच सोडलंय. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, काकू, बाबा ऑनलाइन येतात.

मी इस्त्री उभी करून ठेवली.

अपोंदी म्हणाली, "तूच असशील हे त्याला कळतं गं. लहान आहे का तो? पण हिरवा दिवा लागतो तो नावापुढे ना. वर्ष होत आलं, आणि भावोजींच्या नावापुढे रोज संध्याकाळी दिवा."

मी म्हटलं, मला कुठे माहीत होतं, तिकडून काय दिसतं ते. ती म्हणाली, हो. मग ती म्हणाली, चल, माझी डाळ उतू जातेय. तिच्याकडे डाळ नव्हती. आवाजावरून कळतं.

६ ऑगस्ट

ओदेरोचा मेसेज आला. त्यानं स्वतःहून पाठवला. "आई, बाबांचं खातं उघडू नकोस."

स्वतःहून पाठवला, ही एक चांगली गोष्ट. सुरुवातीला आई लिहिलंय.

ठीक आहे, असं उत्तर पाठवलं. आधी पुष्कळ लिहिलं होतं, ते पुसलं.

७ ऑगस्ट

कन्सोलवर अभ्रा घातला. त्याआधी एकदा चालू केला, पण ओविनोचं खातं उघडलं नाही. बोकडाकडे फक्त पाहिलं.

१५ ऑगस्ट

सुट्टी लागली. सगळ्यांची पोरं आली. चेबेतचा मुलगा एवढा उंच झालाय की त्याला दारातून वाकून यावं लागतं. ती मला चपात्या देऊन गेली आणि ओदेरोचं काही विचारलं नाही. तिनं काही विचारलं नाही असं कधी होत नाही.

१९ ऑगस्ट

ओगोलाचा फोन. ओदेरो सप्टेंबरात ओविनोच्या वर्षाच्या प्रार्थनेला थेट गावीच येईल. मुक्काम ओगोलाच्याच बरोबर. मग रात्रीच्या बसनं परत.

म्हटलं, फोन ओदेरोला द्या ना. दिला. मी म्हटलं, नाकुरू वाटेतच लागतं. तो म्हणाला, माहीत आहे. मग म्हणाला, आई, मला त्या घरात सगळीकडे बाबा दिसतात. तुला कसं राहता येतं?

मी म्हटलं, मला पण दिसतात. म्हणून तर.



२० ऑगस्ट

पडदा काढला. कापड चांगलं आहे, शाळा उघडल्यावर हाफपँटी होतील. लहान मापाच्या.

२३ ऑगस्ट

कन्सोल पिशवीत घालून किबेकडे नेला. ब्रिटनचं खातं काढून दे म्हटलं. त्यानं पत्ता म्हणून कुठलीशी गल्ली टाकली. नाव काय ठेवू, विचारलं. मी माझं सांगितलं. मग म्हटलं, थांब, पूस. "ओदेरोची आई" टाक. त्याच नावानं हाक मारतात सगळे.

कोड पहिल्याच फटक्यात गेला.

घरी येऊन बसले. आता ओविनो अमेरिकेत आहे, मी ब्रिटनमध्ये, ओदेरो कुठल्या देशात आहे ते मला माहीत नाही. त्याचं खातं कुठल्या देशाचं, हे मी कधी विचारलंच नाही.

दूरचं बेट धक्क्यावरून दिसतं. जवळ वाटतं. होडी सुंदर आहे, नाकावर डोळा रंगवलाय, आपल्या गावच्या तळ्यावरच्या होड्यांना असतो तसा. मी चढले. वल्ही मारली. होडी जागची हलेना. बटणं सगळी दाबून पाहिली. मग खाली ओळ आली: दुसरा खेळाडू बसल्याशिवाय होडी सुटत नाही.

बराच वेळ त्या होडीत बसून राहिले. पाण्याचा आवाज चांगला केलाय त्यांनी. चुलीवर काही नव्हतं, त्यामुळे उठायचं कारणही नव्हतं.

२४ ऑगस्ट

आज ओदेरोच्या खात्याला मैत्रीची विनंती पाठवली. तिच्याबरोबर दोन-चार ओळी लिहिता येतात. तो नाही म्हणेल. बघू असंसुद्धा म्हणणार नाही, आणि या वेळी मी त्याचा अर्थ दुसरा काही लावणार नाही. तरी लिहिलं:

ओदेरो, मी आई. बाबांचं खातं नाही हे, माझं आहे. होडीत एक जागा आहे. एकदा बस. धक्का सुटेपर्यंतच बस. या वेळी तू मधेच सोडून गेलास तरी चालेल.