अर्जदारास कोणी नाही

गिरगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. दत्ताराम यास ताईचे आशीर्वाद.

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. अर्धांगवायूनंतर फोनवर तुझं बोलणं मला कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणून तू चिडतोस. मोबाईलवर काही विचारावं तर नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस. डाव्या हाताने लिहायचा सराव डॉक्टरांनी सांगितलाच आहे. तेव्हा लिही. अक्षर वाकडं चालेल, उत्तर सरळ पाहिजे.

विषय निराधार अनुदानाचा. तुझं वय एकोणपन्नास. म्हातारपणाच्या योजनांना तू फार तरुण आणि नोकरीला निकामी. वीस वर्षं लिफ्टमन म्हणून ज्या कंत्राटदाराकडे उभा राहिलास, त्याने चार दिवसांत दुसरा माणूस उभा केला. तू साठ टक्के अपंग असल्याचं सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. तो दाखला कपाटात जपायला दिलेला नाही. मी अर्ज भरला आहे. आता घरी चौकशीला माणूस येईल. त्याच्याशी खोटं बोलू नकोस, आणि मोठेपणाही करू नकोस.

दुसरं. शेजारच्या चंपाकाकी सांगत होत्या की रक्तदाबाची गोळी तू एक दिवसाआड घेतोस. मग मी पैसे पाठवते ते कशासाठी? दुसरा झटका विचारून येत नाही.

ह्यांचे आशीर्वाद. उत्तराची वाट पाहायला लावू नकोस.

ललिताताई


डिलाईल रोड,
१९ ऑगस्ट

ती. सौ. ताईस दत्तारामचा डाव्या हाताने शि. सा. न. उजवा अजून रजेवर आहे.

चौकशी झाली, एकदम फर्स्ट क्लास! साहेब पहिल्यांदाच आपल्या दारात येणार म्हणून चंपाकाकीने आदल्या दिवशी खोली गणपती यायचा असल्यासारखी धुऊन काढली. समोरच्यांनी दोन गादीच्या खुर्च्या दिल्या. वरच्या मजल्यावरच्या रामदासने उभा पंखा आणला आणि त्याच्यासोबत टीव्हीपण आणला. टीव्ही कशाला, ते त्या मेल्यालाच ठाऊक. मी तू दिवाळीला दिलेला शर्ट घातला. बटणं लावण्यात पाऊण तास गेला, पण साहेब आले तेव्हा भिंत धरून उभा राहिलो आणि नमस्कार केला. काकीने चहा आणि घावणे केले होते. साहेबांनी चार खाल्ले. जाताना म्हणाले, तुमचं छान चाललंय की. मी हो म्हटलं. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं गो?

गोळीचं असं आहे की तुझ्या पैशाची गोळी घशात अडकते. तू सावकार नाहीस, मला कळतं. पण या वयात आपल्या नावावर, आपल्या हक्काचं काहीतरी यावं असं वाटतं. अनुदान सुरू झालं की रोज घेईन, शब्द देतो.

भाऊजींना नमस्कार. राग आला तर तोही पाठव, इथे सगळं चालतं.

दत्ताराम


गिरगाव,
१५ सप्टेंबर

चि. दत्ताराम यास आशीर्वाद, नाइलाजाने.

अर्ज नामंजूर झाला. शेरा उतरवून देते. ‘अर्जदाराची राहणी समाधानकारक आहे. घरी टीव्ही, पंखा व पुरेसे सामान आहे. अर्जदार स्वतः उभे राहून स्वागत करतात.’ घावण्यांचा उल्लेख नाही.

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. साहेबाला दोष देणार नाही, त्याने दिसलं ते लिहिलं. दोष आपल्या घरच्या वळणाचा. डब्यात पीठ नसलं तरी आलेल्याला चहा द्यायचा आणि आपण जेवलोय म्हणून सांगायचं, हे आईने आपल्याला इतकं पक्कं शिकवलं की आता सरकारसमोरही आपण जेवलेलोच असतो.

मी फेरचौकशी मागितली आहे. त्या दिवशी मी स्वतः येईन. चंपाकाकींना सांग, चहा नाही. खुर्च्या नाहीत. रामदासला सांग, टीव्ही घेऊन जिन्यात जरी दिसला तरी माझ्याशी गाठ आहे. तू बनियनवर बसायचंस, उठायचं नाहीस आणि हसायचं तर मुळीच नाहीस. बोलायचं ते मी बोलेन. कचेरीतल्या माणसांशी कसं बोलावं हे मला कळतं.

गोळी रोज घे. हा आशीर्वाद नव्हे, हुकूम आहे.

ललिताताई


डिलाईल रोड,
१३ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस शि. सा. न.

परवा तू तडक निघून गेलीस, चप्पलसुद्धा नीट घातली नाहीस, म्हणून लिहितो.

तू सांगितलंस तसा मी बसलो होतो. उठलो नाही, हसलो नाही. साहेबांनी काकीकडे बघून मागच्या वेळच्या घावण्यांची आठवण काढली, तरी काकी देवासारखी गप्प. सगळं तुझ्या मनासारखं चाललं होतं. साहेबांचंही मन वितळलं. कागदावर पेन टेकवून ते म्हणाले की बिचाऱ्याला कोणीच नाही, तसंच लिहितो.

आणि तू उसळलीस. कोणी नाही म्हणजे काय, मी मेले का, असं तू विचारलंस. तिथे न थांबता औषधं कोण आणतं, किराणा कोण भरतं, दवाखान्याला टॅक्सी कोण करतं, सगळं तारीखवार सांगितलंस. साहेब लिहीत गेले. पान भरून त्यांनी उलटलं तेव्हा मी तुला डोळ्यांनी खुणावत होतो, पण माझा एकच डोळा नीट हलतो, तो तुला दिसला नसेल.

चाळीत सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी. रामदास म्हणतो, पण चौकशीच्या दिवशी नसावी.

रागावून पत्रं बंद करू नकोस, एवढंच मागणं.

दत्ताराम


गिरगाव,
१७ ऑक्टोबर

चि. दत्ताराम यास आशीर्वाद.

माफी मागायची मला सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं समजून घे. तुला मोठेपणा करू नकोस म्हणून दोन पत्रं लिहिली आणि पान उलटेपर्यंत तो मीच केला. ह्यांनी ऐकून घेतलं, पेपर तोंडासमोर धरला आणि पंधरा मिनिटं पान उलटलं नाही. हसत होते.

पण त्या माणसाने तुझ्यादेखत, माझ्यादेखत असं म्हणावं? ते ऐकून घेता आलं नाही. मी साहेबांना पत्र लिहून माझं बोलणं मागे घेते. मी तुझ्यासाठी काहीच करत नाही, असं सही करून देते. तू सांगशील तसं.

ललिताताई


डिलाईल रोड,
३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस शि. सा. न.

सही करू नकोस. मी स्वतः कचेरीत गेलो होतो. तीन जिने बसत बसत उतरलो, अर्धा तास लागला. माझं बोलणं खिडकीतल्या बाईंना कळेना, म्हणून कागदावर लिहून विचारलं. त्यांनी फाईल काढून माझ्यासमोर ठेवली.

तुझं बोलणं साहेबांनी दोन पानं भरून लिहिलंय, टॅक्सीसकट. त्याच्याखाली एक ओळ आहे. ‘सदर महिला ही अर्जदाराची विवाहित बहीण असून नियमानुसार कुटुंबात धरता येत नाही. सबब, अर्जदारास कोणी नाही.’ आणि त्याखाली मंजूर.

बाईंना वाटलं, आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसत होतो, ताई. अर्ध्या तोंडाने हसलं की तसं दिसतं.

येताना महिन्याभराच्या गोळ्या घेतल्या. उधारीवर, पण माझ्या उधारीवर.

दत्ताराम


गिरगाव,
७ नोव्हेंबर

चि. दत्ताराम यास, नियमाने तुझी कोणी नसलेल्या बाईचे आशीर्वाद.

अभिनंदन. दोन पानं बोलून एका ओळीत मी रद्द झाले, याइतकं स्वच्छ सरकारी काम मी माझ्या सबंध नोकरीत पाहिलं नाही. ह्यांना पेढे आणायला धाडलं आहे.

आता नीट वाच. अनुदान चालू ठेवायचं तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे तू जिवंत आहेस असं कचेरीला कळवायचं. त्यांना वर्षातून एकदा पुरेल. मला दर सोमवारी हवा, तुझ्या हाताने लिहिलेला.

ललिताताई