राखणदाराचा विषय

वरोरा,
१८ जून १९८६

चि. गिरजा, अ. उ. आ. आणि जयभीम.

पोचल्याबरोबर पत्र टाकतो म्हणालो होतो. टाकलं नाही, कारण पोचलोच नाही. चिमूरहून निघालेली एसटी वरोऱ्याला चहापुरती थांबली, मी उतरलो, आणि समोर सायकल दुकानात बिरजू दिसला. आपल्या नेरीचा, माझ्या पेपरात डोकावून नापास झालेला तोच. बोलता बोलता एसटी गेली. मग दुसरी गेली. मग मी मोजणं सोडलं. आपल्या दोघांच्या मार्कशिटा मात्र सदऱ्याच्या आत पोटाला बांधून आहेत. घामानं माझे मार्क पुसले गेले तर बरंच.

काम विसरलो नाही. बाबांची अट पाठ आहे: गिरजा चंद्रपूरच्या कॉलेजात जाईल, पण भाऊ तिच्याच वर्गात बसला तर. नाहीतर पावसाळ्याचा वर्षावास संपला का तिची सोयरीक पाहू. म्हणजे विषय निवडायचा मी आणि शिकायचं तू. तर गिरजा, विषय सापडला! दुकानात हवा भरायला आलेला एक कॉलेजवाला म्हणाला, गृहअर्थशास्त्र नावाचा विषय असतो. गृह म्हणजे घर. घरी बसून अर्थशास्त्र! तू नेरीत बसून शिक, मी जिथं असेन तिथं शिकतो. दोघं एका वर्गात आणि बाबा खुश.

लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नकोस.

तुझा, निघालेला भाऊ,
लच्छू


नेरी,
२२ जून १९८६

ती. लच्छूभाऊस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवताना गृहअर्थशास्त्रापाशी मला एवढं हसू आलं की तिला वाटलं, तुला नोकरीच लागली. भाऊ, ते घरी बसून शिकायचं अर्थशास्त्र नव्हे. त्यात रांधणं, शिवणं, लेकरू सांभाळणं शिकवतात, आणि वर्गात साऱ्या पोरी असतात. मधे तू बसशील, मिशी घेऊन. तो विषय आई मला जन्मापासून शिकवून राह्यली आणि मी त्यात नापास आहे. कालच वरण करपवलं.

मला गणित पाहिजे, हे तुला ठाऊक आहे. बारावीत तुला गणितात छत्तीस पडले, तेही मी पोळ्या लाटता लाटता सोडवून दाखवलेल्या गणितांवर. तेव्हा तुला तिथं कोणी घेणार नाही, हेही ठाऊक आहे. म्हणून म्हणते, तुला जमेल तो विषय घे, मी त्यात येईन. इतिहास घे, भूगोल घे, पण घे. प्रवेश दहा जुलैला बंद होतात. आत्या रोज येऊन बसते आणि दुकानातलं लुगडं पाहावं तशी मला पाहते.

लोभ असावा, आणि पुढच्या एसटीत तू असावास.

तुझी बहीण,
गिरजा


गडचांदूर,
२८ जून १९८६

चि. गिरजा, अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र बिरजूनं ट्रकवाल्याच्या हाती पाठवलं, ते इथं मिळालं. इथं म्हणजे गडचांदूरला. रागावू नको. मी चंद्रपूरच्या ट्रकमध्येच बसलो होतो आणि ट्रक चंद्रपूरला गेलाही. कॉलेजच्या फाटकावरून गेला, मी हातही केला. पण ड्रायव्हर चैतू नेमकी तेव्हा त्याच्या बायकोनं त्याला घराबाहेर काढल्याची गोष्ट सांगत होता. ती अर्धी टाकून उतरणं बरं दिसलं नसतं. गोष्ट गडचांदूरला संपली. (शेवटी घरात घेते.)

इथं चुनखडीची खाण आहे. सुरुंग उडाला की जमिनीचं पोट उघडं पडतं, आत थरावर थर. मी जागीच ठरवलं: भूगर्भशास्त्र! तासाभरानं खाणीवरचे एक साहेब म्हणाले, त्यालाही गणित लागतं. मग भूगोल ठरवला. संध्याकाळी टपरीवर एक ढोलकीवाला भेटला, तेव्हा संगीत. खरं सांगू? मला सगळेच विषय आवडतात, पहिल्या दिवशी. तीन वर्षं एकाशीच संसार म्हटला की पाय खाजवतात. संगीत तुला जमेल ना?

माया पातळ झाली असेल, तरी पुरवून वापर.

तुझा भाऊ,
लच्छू


नेरी,
२ जुलै १९८६

लच्छूभाऊ, जयभीम.

संगीत! मी गायला लागले का आपली गाय दूध चोरते. तू तुझा विषय निवडून नाई राह्यला, माझा निवडून राह्यला, तोही स्टँडवरचं भजं निवडावं तसा. कोणताही विषय घेईन म्हटलं होतं, ते परत घेते. मला गणितच पाहिजे.

काल बाबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, तुम्ही माझा राखणदार म्हणून ज्याला धाडलं, त्याला अजून चंद्रपूरच सापडत नाही. तो मला राखणार का मी त्याला? बाबा बैलाच्या शिंगांना तेल लावत बसले. आज सकाळी विचारलं, गडचांदूर कुठी आलं. मी म्हटलं, चंद्रपूरच्या पुढं. पुढं काऊन गेला, म्हणाले. ते तूच सांग.

लोभ उरला तर कळवीन.

गिरजा


चंद्रपूर,
७ जुलै १९८६

चि. गिरजा, अ. उ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी चंद्रपूर गाठलं. वाटेत कोणाचीही गोष्ट ऐकली नाही, कानात कापूस घालून बसलो.

तुझं नाव गणिताला लावलं. ऑफिसातल्या कलाबाईंनी तुझे मार्क पाहिले, मग मला पाहिलं आणि विचारलं, सख्खी बहीण का. दहा तारखेच्या आत तू स्वतः यायचं आहे. माझे मार्क दाखवले तर त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे बोट केलं. तिथं आर्ट्सचे वर्ग भरतात. म्हणजे अट मोडली.

खाली मान घालून निघालो, तर केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेबाहेर एक सर डोकं धरून उभे होते. काचसामान धुणारा काम सोडून गेलेला. मी विचारलं, गणिताची पोरं इथं येतात का. येतात म्हणाले. मी बाह्या सारल्या. तेव्हा बाबांना सांग, लच्छू गिरजाच्याच वर्गात आहे. बसलेला नाही, उभा आहे, पण इथं कोणीच बसत नाही. माझा विषय बाटल्या. दोन फोडल्या, पण आज दुसरा दिवस आहे आणि पाय खाजवत नाहीत. सारखे ओले असतात म्हणून असेल.

मी असा उभा राहिलेला बाबांना चालेल का, एवढंच कळत नाही. नाही चालला तर तुझं

थांब. फाटकावर गलका झाला. खिडकीतून पाहतो तर बाबा! नेरीतून चिमूरच्या पुढं कधी न गेलेले आपले बाबा, खांद्यावर पत्र्याची पेटी. शिपाई विचारून राह्यला, कोणाला भेटायचं. बाबा वावरात हाक मारतात त्या आवाजात सांगताहेत, पोरगं चंद्रपूरच्या पुढं निघून गेलं, ते परत येईल तेव्हा त्याच्यावर ध्यान ठेवायला पोरगी इथं भरती करायची आहे. सारं कॉलेज ऐकून राह्यलं.

त्यांच्या मागं तू. ओढणी तोंडात धरून हसतेस. तुला मी दिसलो वाटतं. हात करू नकोस गिरजा, मीही करेन, आणि हातात तिसरी बाटली आहे