शेवटचे चाळीस फूट

३ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तब्येत ठीक, जेवण वेळेवर. हे आधीच सांगते, म्हणजे आई तुम्हाला पुढचं वाचू देईल.

काउबॉयच्या सिनेमांवरचा माझा प्रबंध बुडायच्या बेतात आहे. या सिनेमांचा नेम ठरलेला: परका घोडेस्वार येतो, गुंडांना भर दुपारी रस्त्यात लोळवतो आणि गाव सुखी झालं की एकटा निघून जातो. मी मात्र छातीठोकपणे लिहिलं, की एका सिनेमात तो विधवेच्या कुंपणाला घोडा बांधून तिथेच राहतो. सहा वर्षांची असताना तुमच्या प्रोजेक्टरच्या खोलीत स्टुलावर उभी राहून मी तो अकरा वेळा पाहिला. अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे. काल मार्गदर्शक बाईंनी तोच सिनेमा लावला. तो पाणी पितो, घोडा सोडतो आणि चालता होतो! तोंडी परीक्षा वीस तारखेला आहे. बाबा, मी चुकीचं पाहिलं का?

उत्तरावर आणि लोभावर हक्क सांगणारी,
तुमची रडूबाई

८ मार्च
चि. रडूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझे डोळे शाबूत आहेत. कात्री माझी होती.

पहिल्या खेळाला तो निघाला आणि तू असा गळा काढलास की प्रेक्षक पडदा सोडून मागे बघू लागले. दुसऱ्या खेळाआधी मी फिल्मचे शेवटचे चाळीस फूट कापले. घोडा बांधला की पडदा. एका आठवड्यासाठी आणलेला सिनेमा सात आठवडे चालला. मालकांना वाटलं, गोळीबाराची करामत. मी वरून बघत होतो ना! गोळी सुटायच्या आधी खोकलासुद्धा थांबायचा हे खरं, पण टाळ्या पडायच्या त्या घोडा बांधताना. आपल्या गावातली पोरं एकेक करून बाहेर पडत होती. कुणीतरी राहिलं, याचंच लोकांना अप्रूप.

प्रिंट परत पाठवताना तुकडा जोडायला हवा होता. तो अजून डब्यात आहे. तीस वर्षांच्या नोकरीत तेवढं एकच पाप. खुशाल लिही, लाजू नकोस. आई म्हणते, परीक्षकांसमोर तरी रडू नकोस.

आमचा लोभ तुला पुरून उरेल.
बाबा

२१ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले! असा सिनेमा आहे कुठे, हे त्यांनी विचारलंच. मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळ्यात खडूस परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, की प्रेक्षकाला काय हवं ते आम्ही पुस्तकात शोधतो, या गृहस्थांना ते खोलीच्या झरोक्यातून दिसलं. प्रकरण टिकलं. तुमचं पत्रही त्यात छापायचं आहे. खाली ‘प्रोजेक्टर चालवणारे, माझे वडील’ असं लिहिताना माझी मान ताठ झाली, बाबा.

एक राहिलं. मला इथेच शिकवायची नोकरी देतायत. तुम्ही नको म्हणालात, तर परत येते.

आहे तोच लोभ राहू द्या.
तुमची रडूबाई

२७ मार्च
चि. रडूबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईने अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. मी नको नको म्हणत दारातच उभा होतो.

मग डबा काढला आणि ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. घोडेस्वार लहान लहान होत जातो, पण पाठ कशी ताठ! तेव्हा मला ते दिसलंच नव्हतं. पोरी, फार अभिमान वाटला. तुकडा सोबत पाठवतोय, आता तो तुझ्याकडे राहू दे.

नोकरी घे. आज रडूबाई तुझी आई आहे, आणि घरातली कात्री मी माझ्यापासूनच लपवून ठेवली आहे.

लोभ पूर्ण लांबीचा, न कापलेला.
बाबा