कोणाचंही बोट

तारकर्ली,
९ नोव्हेंबर २०२५

ओंकार,

आशीर्वाद आहेच, तो दर वेळी लिहायची मला सवय नाही. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस. होडीवाल्या लवूचा भाचा तुझ्याच बोटीवर कामाला चढतोय, त्याच्याकडे हे देते. फोनवर प्राजू समोर असते, म्हणून कागद.

घर बरं. नारळ पाडून घेतले. माझे पाय सुजतात, ते सोड.

तुझी मुलगी, प्राजू, गेल्या महिन्यात हरवली होती. सापडली, नाहीतर लिहीत बसले नसते. फिरायला आलेल्या एका बाईचं बोट धरून लवूच्या होडीत जाऊन बसली, डॉल्फिन बघायला. बाईला वाटलं, होडीवाल्याची पोर. लवूला वाटलं, बाईची. मी सगळा किनारा पालथा घातला. होडी लागल्यावर म्हटलं, "तुझे डोळे खंय गेले रे मेल्या?"

"काकी, माका काय ठावक? चेडू तिच्या मांडयेर बसलेला."

मांडीवर. माझ्या मांडीवर ती कधी बसलेली नाही.

"माझी आठवण इली नाय तुका?" पोरीला विचारलं.

"नाय."

हात उगारला, तर तिने अंगसुद्धा चोरलं नाही. तसाच खाली आणला.

त्याआधी आडाळ्यावर खोबरं खवताना मी उठले, तर हिने पात्यावर बोट कापून घेतलं. पोर कापलं की बोंबलत येतं ना? ही माझ्या झोपायच्या माच्याखाली बसून रक्त चोखत होती. मला त्या रक्ताचं भय वाटलं नाही. तिच्या गप्प बसण्याचं वाटलं.

जानकी गेली तेव्हा ही आठ महिन्यांची. तू बोटीवर गेलास. पोर आधी कसालला जानकीच्या आईकडे, मग वैभववाडीला तुझ्या बहिणीकडे, मग इथे. आपण सगळे कौतुक करायचो, किती शहाणी, कोणाकडेही राहते, रडत नाही.

मालवणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते शहाणपण नव्हतं. माणसं बदलत राहिली, म्हणून तिने कोणाला आपलं म्हणायचंच सोडलं. अजून वेळ गेलेली नाही, पण रोज तेच एक माणूस जवळ हवं. मी म्हटलं, मी आहे की. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

आता ऐक. चार दिवस झाले, मी मोरीत गेले की ही दाराबाहेर येऊन उभी राहते. बोलत नाही, नुसती उभी. बाई म्हणाल्या, चांगलं लक्षण. मला धडकी भरली. आता कुठे एकीला धरायला लागली, आणि ती मी.

माझ्या हृदयाची झडप गेलीय. ऑपरेशन सांगितलंय, या वयात कसं होईल ते कोणी सांगत नाही. मरायचं मला काही नाही रे. पण मी गेले तर ही रडणार नाही. दुसरं बोट शोधील.

ये. आलास की ती तुझं बोट धरील. ओळखलं म्हणून फुगू नकोस, ती कोणाचंही धरते. तू उठून गेलास की ती तुझ्यामागे बघते का, ते बघायचं. त्यासाठी आधी राहावं लागतं.

दार लावून लिहितेय. बाहेर तिची पावलं थांबलीत. उघडते.

अजून आहे ती,
तुझी आई