परत एकदा आयक

बाबा, आज मी भारी खूश आहे आणि ते आधी तुलाच सांगायचंय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चांगली बातमी पोटात राहीनाशी झाली की मला तूच आठवतोस.

मी हृदयाची सोनोग्राफी करते. आज आपल्या इब्रामपूरचे एक आजोबा होते. सकाळी अँजिओप्लास्टी झाली आणि तासाभरात रक्तदाब घसरला, अंगाला गार घाम सुटला. आत घातलेल्या तारेने रक्तवाहिनीला बारीक भोक पडलं, तर रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साठतं आणि हृदयाला फुलायला जागाच राहत नाही. डॉक्टर ओरडले, "रक्त दिसतंय का बघ, लवकर!" मी छातीवरून बघितलं. चित्र धूसर होतं, पण रक्त काही दिसेना. "नाही" अगदी ओठांवर आलं होतं.

आणि मला आपलं खळं दिसलं. नारळ पाडून झालेत, मी दहा वर्षांची, तुझ्यासोबत नारळ निवडतेय. कानाशी हलवायचा, पाणी वाजलं तर चांगल्या ढिगात. त्यातलाच एक तू देवळात नेलास. देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नारळ फुटला, आत कोरडा आणि कुजका! सगळा गाव बघत होता. तू मान खाली घालून म्हणालास, "माजो कान चुकलो." त्या दिवसापासून तू प्रत्येक नारळ दोनदा ऐकायचास. मी कंटाळले की म्हणायचास, "परत एकदा आयक गे बाय."

"सर, थांबा, परत एकदा बघते," मी म्हटलं. बरगड्यांच्या खालून बघितलं आणि काय सांगू! हृदयाभोवती रक्ताचा काळा पट्टा, उजवा कप्पा ठोक्यागणिक चेपतोय. माझ्या पडद्याकडे बघतच डॉक्टरांनी सुई घातली, रक्त ओढलं. रक्तदाब सरसर वर आला. मग आतलं भोकही बुजवलं. संध्याकाळी आजोबा चहा-पाव मागत मला म्हणतात, "बाय, च्या-उंडो मेळतलो काय गे?" मी हसले, रडले, दोन्ही केलं!

सगळे माझी पाठ थोपटत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तरी लिहिते. बाबा, तुझा कान चुकला नव्हता. तो नारळ चांगल्या ढिगात मी टाकला होता, न हलवताच.