डार्ला स्ट्राउडला जेवणाला नेण्याचा बेत

१ जानेवारी १९९१, मंगळवार
अठरा पूर्ण झाली. मिसिसिपीतल्या आमच्या गावात या वयात मुलांची लग्नं ठरायला लागतात. संकल्प: फेब्रुवारीत चर्चच्या हॉलमध्ये तरुण जोड्यांचं जेवण असतं (नाच नाही, आम्ही बाप्टिस्ट), त्याला डार्ला स्ट्राउडला न्यायचं. तिचे वडील चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी; माझे बाबाही डीकन. म्हणजे सगळं जुळलेलंच आहे. फक्त मला तिच्याबद्दल काहीतरी वाटायला हवं. वाटेल. दीड महिना आहे.

६ जानेवारी, रविवार
चर्चमध्ये नवा पियानोवादक आला. रँडल. टेनेसीचा, वय वीस. शेवटच्या गीताला पास्टर ब्रदर ऑथा म्हणाले, ज्याला प्रभूला शरण जायचंय त्याने पुढे यावं. गेलो. पियानो पुढेच आहे.

१३ जानेवारी, रविवार
पुन्हा पुढे गेलो. ब्रदर ऑथांनी हळूच विचारलं, वेंडेल, बाळा, कोणतं पाप छळतंय तुला? आळस, म्हणालो. ते खूश झाले.
डार्लाला विचारायचं राहून गेलं. रँडलला गीतांची पुस्तकं उचलायला मदत हवी होती. तो तसं म्हणाला नाही, पण दिसत होतं.

२० जानेवारी, रविवार
प्रवचन 'तसल्या' पुरुषांवर. ब्रदर ऑथा म्हणाले, असली माणसं मोठ्या शहरांत असतात, देवाच्या कृपेने आपल्यात एकही नाही. बाबा मोठ्याने आमेन म्हणाले. मीही म्हणालो. माझं जरा उशिरा आलं, घसा बसलाय. आज पुढे गेलो नाही. दुपारी जेवणही गेलं नाही. सर्दीच असणार.

२३ जानेवारी, बुधवार
डार्लाला विचारलं. इतक्या पटकन हो म्हणाली की मी पाठ केलेलं पुढचं भाषण वाया गेलं. बाबांनी पाठीवर थाप मारली आणि स्वतःचा ट्रक देतो म्हणाले. मी बेसबॉल सोडल्यापासून ते माझ्यावर इतके खूश झाले नव्हते.
तिच्याबद्दल अजून काही वाटलेलं नाही. घाई नको.

१६ फेब्रुवारी, शनिवार
जेवण झालं. रँडलने होणाऱ्या बायकोची ओळख करून दिली. छान आहे. मला आनंद झाला. पेकन पाय नावाच्या गोड पदार्थाचे तीन तुकडे खाल्ले, छातीत जडपणा आहे तो त्यानेच.
परतताना ट्रकमध्ये डार्ला म्हणाली, "वेंडेल, जेवताना तू चाळीस मिनिटं त्या माणसाच्या बोटांबद्दल बोलत होतास."
मी म्हणालो, संगीताबद्दल.
ती म्हणाली, "बरं, संगीत. मला सहावीपासून माहीत आहे रे. म्हणून तर लगेच हो म्हटलं."
मग तिचंही कळलं. ती एका मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या मुलाला भेटते. वडिलांना कळलं तर घराबाहेर काढतील. माझ्यासोबत दिसली की त्यांना शंका येत नाही.
तुझा गैरसमज झालाय, मी म्हणालो. ती म्हणाली, "असू दे. उद्या चर्चमध्ये माझ्या शेजारी बस. दोघांचंही भागेल."
दारात उतरताना तिने माझा हात दाबला. मला रडू आलं. धूळ फार आहे त्या रस्त्याला.

१७ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
नाश्त्याला आईने विचारलं, डार्लाच्या ड्रेसचा रंग कोणता होता? आठवेना. पांढरा असेल, म्हणालो. रँडलचा टाय मात्र गडद हिरवा होता, त्यावर बारीक ठिपके, हे आपणहून सांगितलं.
आई काल हॉलमध्ये वाढायला होती. तिने सगळं पाहिलंच होतं. स्वच्छ टेबल पुन्हा पुसलं. माझ्या ताटात अजून एक अंडं वाढलं. मग हळू आवाजात म्हणाली, "निळा होता. बाबांनी विचारलं तर निळा सांग."
चर्चला जाताना ट्रकमध्ये बाबांनी विचारलं.
निळा, म्हणालो.
आई खिडकीबाहेर बघत होती.